हार्करच्या कुरणातलं ‘काय मग’

एनिड कॅल्व्हर्टला रस्त्यानं जाताना पाहिलं की परक्या माणसाला वाटावं, ही बाई कोणाशी तरी भांडायला निघाली आहे. मान खाली, डावा खांदा पुढे, पावलं ताडताड. खांदा पुढे आला तो टपालाच्या पिशवीनं. पिशवी २००५ साली सुटली, खांदा मात्र तसाच राहिला. मी तिची शेजारीण, मार्था रॉ. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि तीही पातळ, त्यामुळे हे जे सांगते आहे त्यातलं अर्धं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं भिंतीतून ऐकलेलं. ऐकीव म्हणून कोणी नाक मुरडू नये.

१९७४ साली तिनं टपालाची पिशवी घेतली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. ही बाई पहिला हिवाळा काढत नाही, असं गावातले पुरुष पबमध्ये बसून छातीठोकपणे सांगत होते. आमचं किर्कबेक दरीच्या तळाशी आणि गिलहेडची तीन शेतघरं वर डोंगरात. सडकेनं गेलं तर चार मैल. पण चॅपलच्या मागच्या दगडी भिंतीत अंग तिरकं करून जाता येईल एवढी फट आहे. तिच्यातून हार्करच्या कुरणात उतरायचं, ओढ्यावरची फळी ओलांडायची आणि चढ चढायचा, की सव्वा मैलात गिलहेड. या वाटेनं एनिड आठवड्याचे सहा दिवस, एकतीस वर्षं गेली.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात भिंती बर्फाखाली गेल्या होत्या, सडक तर कुठे आहे हेच कळत नव्हतं. गिलहेडच्या म्हाताऱ्या मिसेस हार्करच्या हृदयाच्या गोळ्या टपालात येऊन पडल्या होत्या. एनिडनं चॅपलच्या कोपऱ्यापासून पावलं मोजून भिंतीतली फट शोधली आणि दोन तासांनी हार्करच्या दारात उभी राहिली, कंबरेपर्यंत पांढरी. दार कुरणाच्या मालकानं, हार्करनं, उघडलं. तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागच्या बर्फाकडे पाहिलं आणि म्हणाला, “काय मग.”

“काय मग,” एनिड म्हणाली आणि पाकीट दिलं. झालं एवढंच बोलणं. पण त्या दिवसानंतर पबमधल्या कोणी तिच्या हिवाळ्याची भाषा काढली नाही.

‘काय मग’ म्हणजे काय, हे आमच्या दरीत कोणी कोणाला विचारत नाही. सकाळी भेटलात, काय मग. दहा वर्षांनी भेटलात, काय मग. कोणाची बायको गेली म्हणून भेटायला गेलात, तरी दारात आधी काय मग, हनुवटी बोटभर वर. उत्तरही तेच. त्यापुढे बोलायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि हार्कर बहुतेक वेळा न बोलायचंच ठरवायचा.

पर्ल गिटन्स आमच्याकडे आली ती एका चुकलेल्या पत्रामुळे. १९९० च्या शरदात बार्बाडोसहून एक पाकीट आलं. वर लिहिलेलं, ‘नर्स पर्ल गिटन्स, किर्कबेक’. आमच्या गावात पर्ल नाही, गिटन्स नाही आणि नर्स होती ती हॅरोगेटला बदलून गेलेली. दुसरा कोणी असता तर शिक्का मारून, परत पाठवून मोकळा झाला असता. एनिड तीन दिवस माझ्या फोनवरून, हो, माझ्याच, देशभरातल्या इस्पितळांना विचारत बसली. शेवटी साउदम्प्टनला नर्सांचं एक वसतिगृह सापडलं, किर्कबेक हाउस नावाचं. पाकीट पोचलं. त्यात बहिणीला मुलगी झाल्याची बातमी होती. पर्लनं आभाराचं कार्ड पाठवलं, एनिडनं त्याला उत्तर पाठवलं, आणि पुढच्या जूनमध्ये पर्ल स्वतःच बसमधून उतरली. डोक्यावर केवढी तरी हॅट आणि हसणं असं की चॅपलवरचे कावळे उडाले.

एनिडनं त्या आठवड्यात रजा घेतली होती. एकतीस वर्षांत तिनं जूनशिवाय रजा घेतल्याचं मला आठवत नाही. पाहुणीला काय दाखवायचं, तर हिनं तिला आपली रोजचीच वाट दाखवायला नेलं. मी म्हटलं, “अगं, तिला यॉर्कला ने, मोठं चर्च दाखव.” तर म्हणते, “चर्च काय, पोस्टकार्डावर दिसतं.”

कापणीच्या आधी कुरणात एकामागे एकच चालायचं, हा आमच्याकडचा नियम. शेजारी-शेजारी चाललं की गवत आडवं होतं आणि मग यंत्राला सापडत नाही. म्हणजे एनिड पुढे, पर्ल मागे. एनिड समोर तोंड करून बोलणार, वारा ते शब्द गिलहेडला नेणार आणि पर्ल मागून ओरडणार, “काय म्हणालीस?” पिवळ्या फुलांनी कुरण भरलेलं, ढग अगदी खाली, आणि मधून या दोघींचं “काय म्हणालीस, काय म्हणालीस”. मी वरच्या खिडकीतून पाहत होते.

ओढ्याजवळच्या फाटकावर हार्कर कोपर टेकून उभा होता. त्यानं हनुवटी वर केली. “काय मग.”

पर्ल जागच्या जागी थांबली. हॅट सावरली, खांदे ताठ केले आणि म्हणाली, “काय मग म्हणजे? आम्ही काही चोरलं नाही हो!”

एनिड इतकी हसली की फळीवरून ओढ्यात पडता पडता राहिली. “अगं बाई, तो भांडत नाहीये! तू पण तेच म्हण.”

पर्लनं हार्करकडे संशयानं पाहिलं. मग हनुवटी वर करून म्हणाली, “काय मग.”

हार्करनं एक बोट वर केलं. त्याच्या दृष्टीनं हे मिठी मारण्यासारखंच होतं. पुढे दर जूनमध्ये पर्ल यायची, दोघी त्याच वाटेनं जायच्या, फाटकावर ‘काय मग’ व्हायचं आणि वर गिलहेडच्या भिंतीला टेकून फळांचा केक नि त्यावर चीजचा तुकडा खाऊन खाली यायच्या. चोवीस वर्षं. हार्कर म्हातारा झाला, फाटकावरून खुर्चीवर आला, पण त्या आठवड्यात खुर्ची फाटकाजवळ न्यायला सांगायचा. २०१३ साली तो गेला. पुढच्या वर्षी शेत विकलं गेलं.

घेणारे मिस्टर प्रेस्कॉट दक्षिणेकडचे. माणूस वाईट नव्हता. त्याला शांतता हवी होती आणि आपल्या खिडकीसमोरून टोपीवाल्या बायका जाऊ नयेत एवढंच त्याचं म्हणणं. २०१५ च्या एप्रिलमध्ये एक दिवस एनिड माझ्या स्वयंपाकघरात आली आणि चिखलाचे बूट न काढता खुर्चीत बसली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी फरशीबद्दल बोलणार होते, पण तिचं तोंड पाहून किटली चढवली.

“मार्था, फट बुजवली.”

“कुठली फट?”

“आपली. दगड भरलेत आणि वर तार. खाजगी म्हणून पाटी लावलीय.” मग म्हणाली, “मी तिथं उभी राहिले आणि मला कळेचना, पाय कुठं टाकायचा.”

गाव पेटून उठलं असं मी म्हणणार नाही. आमचं गाव पेटत नाही, धुमसतं. पण एनिडनं कौन्सिलला लिहिलं, आणि एक तरुण अधिकारी बाई बॅगभर फॉर्म घेऊन आली. माझ्याच टेबलाशी बसून तिनं समजावलं. ही वाट कौन्सिलच्या नकाशात कधी चढलीच नव्हती. पण लोक वीस वर्षं उघडपणे, धाकदपटशा न करता आणि कोणालाही न विचारता एखाद्या वाटेनं चालले असतील, आणि मालकानं त्यांना कधी हटकलं नसेल, तर ती सगळ्यांच्या हक्काची वाट होते. मग ती कोणाला बुजवता येत नाही.

“झालं तर,” एनिड म्हणाली. “एकतीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस. लिहा.”

अधिकारी बाईनं पेन खाली ठेवलं. “ते धरता येणार नाही, मिसेस कॅल्व्हर्ट. तुम्ही नोकरीवर होता. टपाल घेऊन येणाऱ्याला दारापर्यंत यायची मुभा असतेच, त्यावरून ती सगळ्यांच्या हक्काची ठरत नाही.”

“नऊ हजार वेळा गेलेय मी तिथून.”

“हो.”

“त्यातलं एकही धरणार नाही?”

“सुट्टीच्या दिवशी जायचात का कधी?”

एनिड खिडकीकडे बघत राहिली. “जूनमध्ये,” ती म्हणाली. “पर्ल आली की.”

मला त्या पोरीला घराबाहेर काढावंसं वाटलं. तिचा दोष नव्हता, कायदा तिनं केला नव्हता, पण एखादीच्या आयुष्याचं चालणं असं बोटानं टेबलावरून सरकवून देतात का? रात्रभर मला भिंतीपलीकडे तिच्या काठीचा आवाज येत राहिला. तेव्हा तिचा डावा खुबा दुखायला लागला होता. सडकेचे चार मैल तिला झेपणारे नव्हते, ही वाट गेली की तिचं वर जाणंच संपणार होतं. पण त्या रात्री ती खुब्यासाठी येरझाऱ्या घालत नव्हती. सकाळी मला म्हणाली, “मार्था, वाट नव्हतीच असं ठरलं, तर मग मी एवढी वर्षं चालले कुठं?”

आता माझी लाज सांगते. गावातल्या चौदा जणांनी फॉर्म भरले. मीही भरला, चांगल्या अक्षरात, नवं पेन आणून. मी दर सप्टेंबरात त्या वाटेनं ब्लॅकबेरी तोडायला जायचे. शेवटच्या रकान्यात ‘आणखी काही सांगायचे आहे काय’ असं विचारलं होतं. रकाना रिकामा सोडणं मला बरं दिसेना. मी लिहिलं, ‘श्री. हार्कर यांच्या कृपेने आम्हाला जाता येत असे, त्याबद्दल त्यांचे आभार.’

अधिकारी बाईनं ते वाचलं आणि कपाळ माझ्या टेबलावर टेकलं.

“कृपेनं म्हणजे परवानगीनं,” ती म्हणाली. “परवानगी घेतली असेल तर तो हक्क होत नाही, मिसेस रॉ. त्यांनी कधी परवानगी दिली होती का तुम्हाला?”

“छे गं! तो कशाला देतोय? तोंड उघडायचा नाही तो.”

“मग असं का लिहिलंत?”

“बरं दिसतं म्हणून!”

“असं लिहायला कोणी शिकवलं तुम्हाला?”

“माझ्या आईनं,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? पण मी एकटी नव्हते. चौदांपैकी सहा जणांनी असंच काही लिहिलं होतं. कोणी ‘सौजन्याने’, कोणी ‘मेहेरबानी’, आणि चॅपलच्या ऑर्गनवाल्यानं तर ‘सदैव ऋणी’. सहा फॉर्म आमच्या चांगल्या वळणानं खाल्ले. एनिड माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. भिंतीतून तिच्या किटलीची शिट्टी ऐकू यायची, तीसुद्धा मला टाकून बोलतेय असं वाटायचं.

प्रेस्कॉटनं हरकत घेतली, म्हणून सरकारी निरीक्षकापुढे सुनावणी व्हायची होती. जूनमध्ये पर्ल आली. त्या वर्षी दोघी सडकेनं गिलहेडला निघाल्या. गाड्या अंगावर चिखल उडवत जात होत्या, दोन मैलांवर एनिडचा खुबा आडवा आला आणि दुधाच्या टँकरमधून दोघी परत आल्या. पर्लची हॅट भिजून कानांवर आली होती. ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली, “मार्था, ती सुनावणी कधी आहे? मी येणार. आणि माझ्या फॉर्मात मी कोणाचेही आभार मानलेले नाहीत.”

हे मला उद्देशून होतं. मी गिळलं.

सुनावणी व्हायला पुढचं वर्ष उजाडलं, २०१६ चा ऑक्टोबर. जागा आमचा गावचा हॉल, आणि हॉलच्या चहाची जबाबदारी माझी. निरीक्षक सकाळी लवकर आले, लंडनकडचे, सडपातळ, काखेत फायली. परक्या साहेबाला गावचं बोलणं कशाला ऐकवा म्हणून मी तोंड सावरून ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हटलं. पुन्हा चांगलं वळण. एकदा खोड लागली की लागली.

प्रेस्कॉटचा वकील हुशार होता. एनिडचं टपालाचं चालणं त्यानं दोन वाक्यांत उडवलं. सहा फॉर्म त्यानं मोठ्यानं वाचून दाखवले, माझाही, आणि प्रत्येक ‘आभार’वर जरा थांबला. मी चहाच्या खिडकीमागे कपबशा विनाकारण पुसत होते. उरलेल्या आठांवर त्यानं खरं हत्यार काढलं. प्रेस्कॉटच्या मेंढ्या राखणारा विल्फ आयरटन, आमच्याच गावचा, आधी हार्करकडे होता. त्याचा जबाब वकिलानं पुढे केला. ‘कोणीही कुरणातून जाताना दिसल्यास श्री. हार्कर त्यास हटकत असत.’

हॉलमध्ये कुजबूज झाली. विल्फ प्रेस्कॉटच्या टेबलाशी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, त्याच्या कपाळाला आठी पडली.

“मालक दर वेळी हटकत होता,” वकील निरीक्षकांना म्हणाला, “म्हणजे लोक मालकाचा विरोध डावलून जात होते. मग हक्क कुठून येणार?” मग तो पर्लकडे वळला. ती साक्षीच्या खुर्चीत बसली होती, हॅट मांडीवर. “मिस गिटन्स, मिस्टर हार्कर तुम्हाला पहिल्यांदा भेटले तेव्हा काय म्हणाले?”

“काय मग.”

“आणि तुम्हाला काय वाटलं?”

पर्ल खोटं बोलणाऱ्यांतली नाही. “वाटलं, हा माणूस मला अडवतोय.”

एनिड पुढच्या रांगेत होती. मी मागून पाहिलं, पिशवी सुटून अकरा वर्षं झाली तरी जो खाली आला नव्हता तो तिचा डावा खांदा खाली आला. मनात म्हटलं, पर्ल, बाई गं, जरा तरी लपव.

“म्हणजे मालकानं हटकलं हे तुम्हाला स्पष्ट कळलं.”

“दहा सेकंद तसं वाटलं. मग एनिडनं सांगितलं की—”

“मिसेस कॅल्व्हर्ट काय म्हणाल्या ते राहू द्या. त्यांना ही वाट हवीच आहे.” वकील खूश झाला होता आणि खूश झालेल्या माणसाला थांबायचं कळत नाही. “मिस्टर हार्कर आज हयात नाहीत. ते कोणत्या सुरात बोलले हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? जरबेनं बोलले? आवाज चढवला? नेमके कसे म्हणाले?”

“करून दाखवू?” पर्लनं विचारलं.

“अवश्य.”

पर्ल उभी राहिली. हॅट खुर्चीवर ठेवली. वकिलाकडे पाठ करून ती आमच्याकडे, सगळ्या हॉलकडे वळली. कोपर पुढे काढलं, नसलेल्या फाटकावर टेकल्यासारखं. एक पाय सैल सोडला, डोळे बारीक केले, हनुवटी बोटभर वर. आवाज तिचा होता, पण बाकी सगळा हार्कर, तीन वर्षांपूर्वी पुरलेला, आमच्या हॉलमध्ये उभा होता.

“काय मग,” पर्ल म्हणाली.

“काय मग,” आम्ही म्हणालो.

कोणी ठरवलं नव्हतं. चाळीस माणसं, चाळीस हनुवट्या. मी चहाच्या खिडकीतून म्हणाले, हातात भरलेली किटली घेऊन. ऑर्गनवाला म्हणाला. मागे आपल्या कुत्र्याला गप्प करत उभा असलेला शेतकरी म्हणाला. आणि सगळ्यांच्या मागून, अर्ध्या क्षणानं, प्रेस्कॉटच्या टेबलावरून एक जाडसर आवाज आला, “काय मग.” विल्फ आयरटन. त्यानं बोटसुद्धा वर केलं होतं.

निरीक्षकांचं पेन थांबलं. ते हॉलकडे बघत राहिले, मग विल्फकडे.

“मिस्टर आयरटन, तुम्ही आत्ता मिस गिटन्सना हटकलंत का?”

“मी?” विल्फ घाबरला. “नाही हो साहेब! बाई बोलली तर उत्तर नको द्यायला? तसंच बसायचं का दगडासारखं?”

“मिस्टर हार्कर लोकांना हटकत असत, असं तुमच्या जबाबात आहे.”

“हटकत? मी सांगितलं होतं, कोणी गेलं की काय मग म्हणायचा. एवढंच. लिहिणाऱ्यानं काय लिहिलं ते मी वाचलं नाही, चष्मा ट्रॅक्टरमध्ये राहिला होता.” मग त्याला एकदम राग आला. “अहो, पाळकसाहेबांनाही तो तेच म्हणायचा. त्यांना काय हाकलत होता?”

हॉल जो हसला! प्रेस्कॉट साहेबांनी कपाळावर हात ठेवला. वकिलानं फायलीत काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत शोधतच होता. एनिड हसली नाही. ती पर्लकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती ते पुसायच्या फंदातही पडली नाही. मी किटली तशीच ठेवली आणि खिडकीमागे खाली बसून पोटभर रडले. कित्येक महिन्यांनी छाती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक दोन्ही बाजूंना घेऊन वाट पाहून आले. जाताना कप परत द्यायला खिडकीशी आले आणि हनुवटी जरा जास्तच वर करून मला म्हणाले, “काय मग.” निरोप घेताना ते म्हणत नसतात. पण परका माणूस, मी सोडून दिलं.

निकालाचं पत्र जानेवारीत आलं. नवा टपालवाला गाडीनं येतो, इंजिन बंद करत नाही. एनिडनं दारातच पाकीट फोडलं आणि मग भिंतीवर तीन ठोसे मारले. मी स्लिपरवरच धावले. वाट हक्काची ठरली होती. फट उघडायची, तार काढायची, नकाशात रेघ चढवायची. पानंच्या पानं होती, पण एनिडचं बोट एकाच जागी होतं, म्हणून मी तिथलं वाचलं. ‘श्रीमती कॅल्व्हर्ट यांचे टपालासाठीचे चालणे मला कायद्याने धरता येत नाही. तथापि पाहणीच्या दिवशी मी ज्या वाटेवरून चाललो, ती जमिनीत त्यांच्याच पावलांनी उमटलेली आहे, याविषयी मला शंका नाही.’

“वाच परत,” एनिड म्हणाली. मी वाचलं. “परत,” ती म्हणाली. दारातून थंडी आत येत होती आणि मी चौथ्यांदा वाचत होते.

त्या वर्षीच्या जूनमध्ये पर्ल आली, नवी हॅट घालून. दोघी बाहत्तरीच्या. एनिडच्या हातात काठी. फटीशी कौन्सिलचा लाकडी खांब उभा राहिला होता, त्यावर पिवळा बाण. या वेळी त्यांनी मलाही बोलावलं. “चल,” एनिड म्हणाली, “पण कोणाचे आभार मानलेस तर ओढ्यात ढकलीन.”

एनिडनं पुढे व्हावं म्हणून पर्ल नेहमीसारखी फटीशी थांबली. एनिडनं काठीनं तिला ढकललं. “आज तू पुढं.”

“मला वाट कुठं नीट माहीत आहे?”

“चोवीस वर्षं माझ्या पाठीकडं बघत काय करत होतीस मग? चल.”

म्हणून पर्ल पुढे, मधे एनिड, शेवटी मी. गवत गुडघ्याच्या वर, पिवळं नि जांभळं. कापणी अजून दहा दिवसांवर होती. मागून मी काही बोलले की दोघी ओरडायच्या, “काय म्हणालीस?” मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. चौसष्ट वर्षं मी या गावात राहिले, पण असा दिवस पाहिला नव्हता.

ओढ्याजवळच्या फाटकावर प्रेस्कॉट उभा होता. कोपर टेकलेलं. आम्ही तिघी थांबलो. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे, मग पुन्हा आमच्याकडे. घसा साफ केला.

“काय मग,” तो म्हणाला. सूर साफ चुकलेला, दुकानात पाव मागावा तसा. हनुवटी जागची हलली नाही.

एनिडनं त्याला नीट निरखलं. चुकलेल्या पत्त्याचं पाकीट उलटंसुलटं करून पाहावं तसं. मग हनुवटी वर करून म्हणाली, “काय मग.” आणि बोट वर केलं.

फळी ओलांडल्यावर चढाच्या पायथ्याशी ती थांबली आणि मागे वळली. मला वाटलं, खुबा दुखतोय.

“मार्था, आज माझ्याकडं पिशवी नाही.”

“दिसतंय की.”

“नोकरीवर नाही मी.”

“बारा वर्षं झाली गं त्याला.”

“मग आजचं धरतील?”

“धरतील एनिड,” मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “आजचं धरतील.”

तिनं मान हलवली. वळली, डावा खांदा पुढे काढला आणि काठी काखेत मारून ताडताड चढायला लागली, इतकी की पर्ल वरून ओरडली, “अगं हळू! मी पुढं आहे ना आज?”